तारा निघाल्या... पण ट्रीटमेंट संपली कुठे?

ब्रेसेस निघाल्या की त्याची स्टोरी पडतेच. आधीचा फोटो, नंतरचा फोटो, मध्ये बाण आणि खाली 'फायनलीऽऽ!' रिटेनर तुटल्याची स्टोरी मात्र कोणी टाकलेली आठवतेय? नाही ना! कारण ती गोष्ट टाकायची नसते, लपवायची असते. आईपासून, बाबांपासून आणि सगळ्यात जास्त म्हणजे डॉक्टरांपासून. तुटलेला तुकडा डबीत जातो, डबी ड्रॉवरमध्ये जाते आणि 'सेमिस्टर संपली की बघू' असं म्हणत विषय तिथेच झोपतो. दात मात्र झोपत नाहीत. ते हळूहळू आपल्या जुन्या पत्त्याकडे निघतात.

या लेखासाठी कॉलेजमधल्या मित्रमैत्रिणींना सहज विचारलं, 'ब्रेसेस लावल्या होत्या का? रिटेनर कुठे आहे?' पहिल्या प्रश्नाला सगळे उत्साहाने बोलले. दुसऱ्या प्रश्नाला हशा पिकला. एकीचा कँटीनमध्ये टिश्यूत गुंडाळलेला होता, तो ताटाबरोबर कचऱ्यात गेला. एकाचा घरच्या कुत्र्याने चावून टाकला. एकीने स्वच्छ व्हावा म्हणून गरम पाण्यात टाकला आणि त्याचा आकारच बदलला. एकाच्या दातांमागची तार एका बाजूने सुटलीय, जिभेला टोचते, पण 'चालतंय तोवर चालतंय'. यातले बहुतेक जण डॉक्टरांकडे परत गेलेच नव्हते. कारण विचारलं तर उत्तरं दोनच, 'ओरडतील' आणि 'परत पैसे लागतील'.

माझं म्हणणं सरळ आहे. रिटेनर तुटणं किंवा हरवणं ही आपली खासगी नालायकी नाही, तो या ट्रीटमेंटचा अपेक्षित भाग आहे. मग त्याची तरतूदही पहिल्या दिवशीच व्हायला हवी, डॉक्टरांच्या कोटेशनमध्ये आणि घरच्या बजेटमध्ये. आणि आपल्या बाजूने एकच गोष्ट हवी. तुटला की त्याच आठवड्यात सांगायचं.

दातांनाही सवय असते

आधी मुळात रिटेनर लागतो कशाला ते बघू. दात हाडात खिळ्यासारखे ठोकलेले नसतात. मूळ आणि हाड यांच्यामध्ये बारीक तंतूंचा एक थर असतो, त्यावर दात झुल्यासारखा टांगलेला असतो. ब्रेसेसचा दाब आला की एका बाजूचं हाड विरघळतं, दुसऱ्या बाजूला नवं तयार होतं आणि दात सरकतो. तारा निघतात तेव्हा दात नव्या जागी आलेला असतो, पण आजूबाजूचं सगळं अजून कच्चं असतं. मुळाभोवतीच्या तंतूंची घडी बसायला तीन-चार महिने जातात. हिरड्यांमधले काही लवचिक तंतू तर जवळपास वर्षभर दाताला जुन्या जागेकडे ओढत राहतात.

स्लॅब टाकल्यावर दुसऱ्या दिवशी कोणी सेंटरिंग काढतं का? वरून घर तयार दिसत असलं तरी खालचे टेकू राहू द्यावे लागतात. रिटेनर म्हणजे तेच टेकू.

फरक एवढाच, की स्लॅब एकदा सुकला की सुकला. दातांचं तसं नसतं. ज्यांनी कधीच ब्रेसेस लावल्या नाहीत, त्यांचेही खालचे पुढचे दात वयाबरोबर थोडे थोडे दाटीत येतात. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन विद्यापीठात रॉबर्ट लिटल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, रिटेनर बंद होऊन वीस वर्षं झालेल्या ३१ रुग्णांचे खालचे पुढचे दात तपासले होते. १९८८ साली छापून आलेल्या या अभ्यासात जेमतेम १० टक्के रुग्णांचे दात समाधानकारक सरळ राहिलेले आढळले. अभ्यास छोटा होता, तोही उपदाढा काढून ट्रीटमेंट केलेल्यांचा. पण 'दोन वर्षं घातला की सुटलो' हा आपला समज मोडायला तो पुरेसा आहे. म्हणूनच आता बरेच ऑर्थोडॉन्टिस्ट सुरुवातीचे काही महिने जवळजवळ पूर्ण वेळ आणि नंतर रात्रीचा रिटेनर, शक्य तितकी वर्षं, असं सांगतात.

आता गंमत बघा. आपल्याकडे बऱ्याच मुलामुलींना ब्रेसेस लागतात आठवी-नववी-दहावीत. निघतात अकरावी-बारावीच्या आसपास. म्हणजे रिटेनरची सगळ्यात नाजूक वर्षं आणि घर सोडून पुण्या-मुंबईच्या होस्टेलवर, पीजीत जायची वर्षं एकच! शाळेत असताना अपॉइंटमेंट आई लक्षात ठेवायची, बाबा गाडीवरून न्यायचे. इथे मेसची वेळ, सबमिशन आणि लोकल यातून रिटेनरची डबी कोण लक्षात ठेवणार? वस्तू रोज दोनदा तोंडातून काढायची, धुवायची, डबीत ठेवायची, परत घालायची. वर्षानुवर्षं. ती कधीतरी तुटणार नाही असं गृहीत धरणं हाच वेडेपणा आहे.

तुटला, आता काय?

रिटेनर साधारण तीन प्रकारचे. एक म्हणजे पारदर्शक, पातळ प्लॅस्टिकचा, दातांवर टोपीसारखा बसणारा. दुसरा टाळूला चिकटणाऱ्या प्लेटचा, पुढून तार असलेला; शंभरेक वर्षांपूर्वी चार्ल्स हॉली या अमेरिकन ऑर्थोडॉन्टिस्टने तयार केला म्हणून त्याला हॉली रिटेनर म्हणतात. आणि तिसरा फिक्स्ड, म्हणजे दातांच्या आतल्या बाजूने चिकटवलेली बारीक तार. तिघांचं तुटणं वेगळं, त्यामुळे करायच्या गोष्टीही थोड्या वेगळ्या.

पारदर्शक रिटेनरला बारीक तडा गेलाय, पण तो नीट बसतोय आणि कुठे टोचत नाहीये, तर डॉक्टरांना फोटो पाठवून विचारा, भेट होईपर्यंत घालायचा का म्हणून. तुकडाच निघाला असेल किंवा कड धारदार झाली असेल तर घालू नका. झोपेत तुकडा सुटून घशात जाण्याची रिस्क कशाला? सगळे तुकडे मात्र जपून ठेवा आणि डॉक्टरांकडे घेऊन जा.

हॉलीची प्लेट मधोमध तडकली किंवा तार वाकली, तर पकड घेऊन घरी 'अ‍ॅडजस्ट' करायला बसू नका. ती तार मिलिमीटरच्या हिशेबाने वाकवलेली असते. तुम्ही सरळ करायला जाल आणि ती भलत्याच दाताला ढकलायला लागेल. चांगली गोष्ट म्हणजे तुटलेली प्लेट किंवा तार कधीकधी दुरुस्त होऊ शकते. पारदर्शक रिटेनरच्या बाबतीत मात्र नवा बनवणं हाच साधारण मार्ग असतो.

फिक्स्ड तारेची गंमत वेगळीच. ती एका दातावरून सुटली तर वरून काहीच कळत नाही. दुखत नाही, दिसत नाही, फार तर जिभेला काहीतरी लागतं. पण तो एक दात आता मोकळा असतो आणि बाजूचे बांधलेले. शिवाय वाकलेली तार चिकटून राहिली तर तीच एखाद्या दाताला नको त्या दिशेने ढकलू शकते. म्हणून 'अजून बाकीची चिकटलीये की' हे समाधान खोटं. टोक टोचत असेल तर ब्रेसेसच्या वेळी वापरायचो ते मेण लावा, तार ओढून काढू नका आणि अपॉइंटमेंट घ्या. नुसतं परत चिकटवायचं काम असेल तर ते लवकर होतं. आणि हो, ज्यांना ही तार आहे त्यांनी चिक्की, कणीस आणि अख्खा पेरू पुढच्या दातांनी तोडण्याचा पराक्रम करू नये. सुरीने फोडी करून खाल्ल्या तरी पेरू पेरूच लागतो.

आणि सगळ्यांसाठी एक नियम. फेविक्विक नाही! होस्टेलमध्ये चपलेपासून चार्जरपर्यंत सगळं त्यानेच जोडलं जातं, मान्य. पण तो गोंद तोंडात ठेवायला बनवलेला नाही आणि जोडलेला रिटेनर किंचित जरी तिरका बसला तरी दातांवर चुकीचा दाब येतो. म्हणजे पैसे वाचवायला जाऊन ट्रीटमेंट उलटी फिरवायची.

जुना रिटेनर घरी पडलाय? घालून बघा. थोडा घट्ट लागला पण पूर्ण बसला, तर तो सध्या कामाला येऊ शकतो; डॉक्टरांना फोनवर विचारून घ्या. पूर्ण बसतच नसेल तर जबरदस्तीने दाबू नका. दात सरकलेत असा त्याचा अर्थ आणि आता निर्णय डॉक्टरांनीच घ्यायला हवा.

वेळ किती आहे? ब्रेसेस नुकत्याच निघाल्या असतील तर दिवसांचा हिशेब करा, महिन्यांचा नाही. ज्यांचे दात आधी वळलेले होते किंवा ज्यांच्या पुढच्या दातांत फट होती, त्यांनी तर जास्तच घाई करावी, कारण हे बदल परत यायला टपलेले असतात. चार-पाच वर्षं होऊन गेली असतील तर वेग कमी असतो, पण म्हणून धोका संपलेला नसतो.

'अगं, आता कशाला?'

एवढं सगळं माहीत असलं तरी आपण जात नाही. का? मला वाटतं इथे खरा मुद्दा पैशांचा आणि अपराधीपणाचा आहे. ब्रेसेससाठी घरच्यांनी खर्च केलेला असतो तो हप्त्याहप्त्याने, कधी एफडी मोडून, कधी बोनस थांबवून. बहुतेक आरोग्य विम्यात असले दातांचे खर्च धरलेलेच नसतात, त्यामुळे सगळं खिशातून. त्या पैशांवर आपण हसायला शिकलो, फोटोत ओठ मिटायचं बंद केलं. आणि आता घरी फोन करून सांगायचं की वस्तू तुटली, अजून काही हजार पाठवा?

पलीकडून काय येणार तेही पाठ असतं. 'अगं, तारा काढून तीन वर्षं झाली, आता कशाला?' यात आई-बाबांची चूक नाही. त्यांना कोणी सांगितलेलंच नसतं. त्यांच्या हिशेबी तारा निघाल्या त्या दिवशी काम संपलं, पेढे वाटून झाले. शेवटच्या अपॉइंटमेंटला हातात एक डबी दिली जाते, 'रोज घालायचा हं' असं म्हटलं जातं आणि आपण आरशात दात बघण्यात इतके गुंग असतो की पुढचं ऐकूच येत नाही. मुळात ते सांगायची वेळच चुकीची आहे. दोन वर्षांच्या ट्रीटमेंटनंतर दमलेल्या माणसाला 'आता हे कायमचं' असं सांगायचं नसतं, ते सुरुवातीला सांगायचं असतं.

स्कूटर घेताना शोरूमवाला सर्व्हिसिंग किती महिन्यांनी, पहिल्या किती फ्री, हे आधी सांगतो. आपणही खोदून खोदून विचारतो. मग तोंडात बसवायच्या गोष्टीबद्दल का विचारत नाही?

कोटेशनमध्ये एक ओळ वाढवा

माझी मागणी एवढीच आहे. ब्रेसेस लावण्याआधी जो खर्चाचा कागद मिळतो, त्यावर रिटेनरची वेगळी ओळ असावी. रिटेनर पॅकेजमध्ये आहे की नाही? असेल तर किती? तुटला किंवा हरवला तर नवा कितीला? तारा निघाल्यावर तपासणीच्या किती भेटी धरल्यात? हे चार प्रश्न तोंडी नाही, लेखी. काही डॉक्टर हे आजही नीट सांगतात, शेवटच्या दिवशी एकाऐवजी दोन रिटेनर देतात. पण ते डॉक्टरांच्या चांगुलपणावर सोडण्यापेक्षा पद्धत व्हायला हवी.

यावर डॉक्टरांची बाजू असणार आणि ती रास्त आहे. रिटेनर बनवायला साहित्य लागतं, लॅबचा खर्च असतो, वेळ जातो. फुकट बदलून मिळणार म्हटलं की लोक अजून निष्काळजी होतील. बरोबर! म्हणून मी 'फुकट द्या' म्हणतच नाहीये. 'आधी सांगा' म्हणतेय. ज्या घराला माहीत आहे की चार-पाच वर्षांत एकदोन रिटेनर बदलावे लागतील, ते घर त्यासाठी पैसे बाजूला ठेवेल आणि त्या घरातली मुलगी होस्टेलवरून फोन करायला घाबरणार नाही. आणि पेशंट लगेच आला तर डॉक्टरांचंही काम सोपं. तीन वर्षांनी वाकडे दात घेऊन आला तर परत ब्रेसेस किंवा अलाइनर, परत सगळं पहिल्यापासून.

पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याच्या कक्षेत येते, हे सुप्रीम कोर्टाने १९९५ सालीच इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता या खटल्यात स्पष्ट केलंय. याचा अर्थ रिटेनरवरून कोर्टात जा असा नाही. अर्थ एवढाच, की खर्च विचारणं म्हणजे डॉक्टरांचा अपमान नव्हे.

अजून एक गोष्ट मागून घ्या. तुमचे रेकॉर्ड. तारा निघाल्यावर दातांचं जे प्लास्टरचं मॉडेल बनतं किंवा डिजिटल स्कॅन होतं, ते जपून ठेवा. स्कॅनची फाइल ड्राइव्हवर टाका. तुम्ही सांगलीत ट्रीटमेंट घेतलीत आणि आता ठाण्यात राहता, तरी दात सरकायच्या आत गेलात तर तिथला ऑर्थोडॉन्टिस्ट नवं माप घेऊन किंवा त्या रेकॉर्डवरून रिटेनर बनवू शकतो. गावी जाईपर्यंत, म्हणजे थेट दिवाळीपर्यंत थांबायची गरज नाही. फक्त जाताना बघा, की समोरची व्यक्ती ऑर्थोडॉन्टिस्ट आहे, म्हणजे बीडीएसनंतर याच विषयात तीन वर्षांचं एमडीएस केलेली.

परवडत नसेल तर?

खासगी क्लिनिकचा आकडा ऐकून घाम फुटला तर घरी बसू नका. मुंबईत सीएसएमटीजवळ शासकीय दंत महाविद्यालय आहे, मुंबई सेंट्रलला महापालिकेचं नायर दंत महाविद्यालय आहे. नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला शासकीय दंत महाविद्यालयं आहेत, गोव्यात बांबोळीला आहे. या सगळ्या ठिकाणी ऑर्थोडॉन्टिक्स विभाग असतो. केसपेपर काढायचा, रांगेत थांबायचं, एमडीएस करणारे विद्यार्थी-डॉक्टर प्राध्यापकांच्या देखरेखीखाली बघतात. खर्च खासगीपेक्षा खूप कमी. वेळ जातो, हे खरं. कदाचित दोन-तीन फेऱ्या होतील, एखादं लेक्चर बुडेल. पण 'पैसे नाहीत म्हणून काहीच केलं नाही' यापेक्षा ते बरं. बऱ्याच शहरांत खासगी दंत महाविद्यालयांच्या ओपीडीही असतात, तिथेही विचारता येतं.

आणि नवा मिळाला की त्याला जपा. साध्या पाण्याने आणि मऊ ब्रशने धुवा. उकळतं पाणी नको, उन्हात तापलेल्या गाडीत नको. घालून कटिंग पिऊ नका. गरम चहा प्लॅस्टिकला वाकवतो आणि साखर आत अडकून दातांना लागते. नखाने एका बाजूने खेचण्यापेक्षा दोन्ही बाजूंनी हलकेच सोडवा. आणि जेवताना टिश्यूत नाही, डबीत. डबी भडक रंगाची घ्या, कँटीनच्या टेबलावर दिसली पाहिजे.

की सोडून द्यायचं?

शेवटी एक प्रश्न प्रामाणिकपणे विचारायलाच हवा. खालचा एक दात जरा वळला, तर आभाळ कोसळतं का? नाही. दात किंचित वाकडे असणं हा आजार नाही. सरळ पांढऱ्या दातांचं जे वेड आपल्या फीडवर चाललंय, त्यात मला भर घालायची नाहीये. कोणी आरशात बघून 'मला एवढं चालतंय' म्हणत असेल, चावताना त्रास नसेल, घासताना अडचण नसेल, तर तो त्या व्यक्तीचा निर्णय. छान आहे.

पण तो निर्णय असावा. ड्रॉवरमधल्या डबीने आपल्या वतीने घेतलेला नसावा. आज आपल्यापैकी बऱ्याच जणांचं जे होतं तो निर्णय नसतो, ती टाळाटाळ असते. ओरडा बसेल म्हणून, पैसे मागायची लाज म्हणून, सुट्टीत जाऊ म्हणून. आणि मग दोन-तीन वर्षांनी एखाद्या ग्रुप फोटोत लक्षात येतं, की दात परत निघालेत.

तर आज रात्री एक काम करा. ती डबी शोधा. रिटेनर घालून बघा. बसला तर उत्तम, घालून झोपा. नाही बसला, तडा दिसला, तार सुटलेली लागली, तर उद्या सकाळी दोन फोन करा. एक क्लिनिकला, एक घरी. घरच्यांना सांगताना 'माझ्याकडून तुटला' एवढ्यावर थांबू नका, 'हा अधूनमधून बदलावाच लागतो' हेही सांगा. आणि घरात धाकटा भाऊ-बहीण ब्रेसेसच्या वाटेवर असेल, तर पुढच्या अपॉइंटमेंटला तुम्ही सोबत जा आणि ते चार प्रश्न तुम्हीच विचारा.